डोंगर कुठल्या हाताला

त्या माणसाचं वाईट व्हावं असं मला मनापासून वाटत होतं, हे आधीच लिहून टाकते. शेवटी लिहिलं तर सारवासारव केल्यासारखं दिसेल.

ते माझे वरिष्ठ. ऑफिसात सगळे त्यांना सर म्हणायचे. माझ्याहून सहा-सात वर्षांनीच मोठे, पण मला ‘बेटा’ म्हणायचे. बेटा, ती फाइल झाली का. बेटा, आज थोडी थांबशील ना. मी मान हलवायचे. त्यांच्याबद्दल लिहिताना अजूनही आदरार्थी लिहिते आहे, कारण हाताला तसं वळण लागलेलं आहे. त्यात आदर नाही.

ऑफिस अकोल्यात, एका चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. बाहेरच्या देशांतल्या सामन्यांचे व्हिडिओ आमच्याकडे यायचे. ते थांबवत थांबवत बघायचे आणि मैदानावर घडलेली एकेक गोष्ट तक्त्यात भरायची, हे काम. कोणाकडे हॉकी, कोणाकडे हँडबॉल. माझ्याकडे मेक्सिकोतल्या एका शहराचा अमेरिकन फुटबॉलचा व्यावसायिक संघ होता. त्या शहराचं नाव आधी मला नीट उच्चारतासुद्धा येत नव्हतं. सहा महिन्यांनी मला त्या संघातल्या प्रत्येकाची चाल पाठीमागून ओळखता यायला लागली.

नाव फुटबॉल असलं तरी त्या खेळात चेंडूला पाय क्वचितच लागतो. अकरा विरुद्ध अकरा, डोक्यावर हेल्मेट, खांद्यांवर जाड पॅड. चेंडू हातात घेऊन पळायचं किंवा फेकायचा, आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. नाही जमलं तर चेंडू समोरच्यांना जातो. एकेक प्रयत्न पाच-सहा सेकंदांचा. मग सगळे उठतात, जागेवर परततात आणि पुन्हा खाली वाकून थांबतात. मला खेळ आवडला तो त्या थांबण्यामुळे. बावीस माणसं एकमेकांसमोर गप्प उभी असतात आणि पुढच्या क्षणी कोण काय करणार हे त्यांच्या अंगावर कुठेतरी लिहिलेलं असतं. गप्प माणसांकडे बघत बसणं मला लहानपणापासून जमतं.

आमची पाळी सकाळी सहा ते दोन. उन्हाळ्यात अकोल्यात तीच बरी. माझ्या शेजारच्या टेबलावर एक ताई बसायच्या, बाळापूरहून पहाटेच्या बसने येणाऱ्या. दोन मुलांचे डबे भरून, वेणी घालून, पावणेसहाला त्या माझ्याआधी हजर असायच्या. त्यांच्याकडे हॉकी होतं. मी दिवसदिवस बोलत नाही याची त्यांना गंमत वाटायची.

"काय वं, तुहं तोंड कान्व्हेंटातच जमा करून आली का?" त्या म्हणायच्या. "मास्तरीण गेली, शाळा सुटली. आता तरी बोल."

मी हसायचे. शाळेत मराठीत बोललं की शिक्षा असायची, आणि इंग्रजीत बोलायला भीती वाटायची. मग मधलं तेवढं उरलं.

शनिवारी दुपारी मी गाडीने बडनेऱ्याला उतरायचे आणि अमरावतीला घरी जायचे. आमचं वावर अंजनगाव सुर्जीकडे आहे, पण माझ्या शाळेसाठी आई-बाबांनी अमरावतीत घर केलं आणि बाबा गेली वीस वर्षं येऊन-जाऊन शेती करतात. तिकडचा शनिवार संध्याकाळचा सामना आपल्याकडे रविवारी सकाळी साडेसहाला सुरू व्हायचा. म्हणून रविवारी मी घरच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसायचे आणि बाबा बनियनवर, बशीत चहा ओतून, माझ्या मागे खुर्ची टाकून बसायचे.

"कोनता खेळ हाये हा?"

"अमेरिकन फुटबॉल, बाबा."

"मंग पाय कावून नाई लावून राहिले चेंडूले?"

दर रविवारी हेच विचारायचे. मला हसवायला, हे मला उशिरा कळलं.

मोसमाच्या शेवटाकडे आमच्या संघाचा सामना अशा एका संघाशी होणार होता, ज्याचा चौतीस नंबरचा धावणारा कोणालाच अडवता येत नव्हता. त्यांच्या मैदानावरच्या तीन जुन्या सामन्यांचे व्हिडिओ माझ्याकडे आले होते. एका रविवारी ते मी बघत होते. बाबांनी बशी खाली ठेवली.

"थांबव. मांगं घे जरा."

मी मागे घेतलं.

"हा चौतीसवाला. त्याचा डावा पाय पाह्य. टाच दाबली त्यानं. थो डावीकडं जाईन."

तो डावीकडे गेला. मी पुढचा प्रयत्न लावला. बाबा म्हणाले, उजवीकडं. तो उजवीकडे गेला. आम्ही जेवणापर्यंत तेच करत बसलो. आई दोनदा हाक मारून गेली. बाबा चुकलेच नाहीत असं नाही, पण जेव्हा चुकले तेव्हा चौतीस नंबरला चेंडू मिळालाच नव्हता.

"तुम्हाला कसं दिसलं?"

"अवं, शंकरपटात दहा वर्सं जोडी हाकली म्या. सुटाच्या आंधी बैल ज्या अंगाले वढनार, त्याच अंगाचा मांगचा पाय दाबते. बैलाले लपवता येत नाई. मानसाले त याले पायजे ना."

शंकरपट म्हणजे आमच्याकडची बैलजोड्यांची शर्यत. बाबांच्या मांडीवर अजून तिथली एक खूण आहे. मी त्यांना इतकं खूश क्वचितच पाहिलं होतं. माझ्या इंग्रजी पुस्तकांत, माझ्या कॉलेजात, माझ्या नोकरीत त्यांना सांगण्यासारखं कधी काही नव्हतं. त्या दिवशी होतं.

पुढचे सहा आठवडे मी चौतीस नंबरची प्रत्येक धाव तपासली. तक्त्याच्या शेवटी मी माझ्यासाठी दोन रकाने वाढवले. एकात दाबलेला पाय, डावा की उजवा. दुसऱ्यात धाव कोणत्या बाजूला गेली. या दुसऱ्या रकान्यात मी डावं-उजवं लिहिलं नाही. वावरात आमच्याकडे कोणी डावं-उजवं म्हणत नाही, कारण माणूस फिरला की तेही फिरतं. आम्ही म्हणतो सडकेकडं, नाल्याकडं. त्या मैदानाच्या एका लांब बाजूला उघडा डोंगर दिसायचा आणि दुसऱ्या बाजूला सडकेचे दिवे. म्हणून मी लिहिलं, डोंगर, सडक, डोंगर, डोंगर, सडक. सामन्याचे चार भाग असतात, त्यांना क्वार्टर म्हणतात, आणि दर क्वार्टरला संघ टोकं बदलतात. पहिल्या क्वार्टरला जो डोंगर धावणाऱ्याच्या डाव्या हाताला असतो, तो टोक बदलल्यावर उजव्या हाताला येतो. डोंगर मात्र जागचा हलत नाही. भरताना चूक होऊ नये म्हणून ही माझी पद्धत. सगळं भरून झालं की कोणत्या क्वार्टरला डोंगर कुठल्या हाताला होता ते बघायचं आणि मग डावं-उजवं करून टाकायचं.

पायाची ती खोड सगळ्यात स्पष्ट दिसायची शेवटच्या क्वार्टरला. तेव्हा ते पुढे असायचे, वेळ खायचा म्हणून चेंडू फेकत नसत, चौतीस नंबरला पळवत राहत. आणि तिन्ही सामन्यांत शेवटच्या क्वार्टरला डोंगर त्यांच्या उजव्या हाताला होता. बहुतेक वारा पाठीशी राहावा म्हणून ते ते टोक राखून ठेवत असावेत.

त्याच दिवसांत आमच्या संघाच्या सहायक कोचने कळवलं होतं की पुढच्या मोसमासाठी आमच्या ऑफिसातला एक जण त्यांना थेट संघात हवा. संघाच्या माणसांच्या यादीत नाव. मोसमाआधी महिनाभर तिकडे, त्या शहरात, मैदानावर. कोणाला घ्यायचं ते या सामन्याच्या अहवालावरून ठरणार होतं.

मला जायचं होतं. हे मी कोणाला सांगितलं नाही, आईलाही नाही. मी नागपूरच्या पलीकडे एकटी गेलेली नव्हते. पण पासपोर्टचा फॉर्म भरून ठेवला होता आणि झोपण्याआधी स्पॅनिशचे दहा शब्द पाठ करत होते.

आमच्याकडे नियम असा की कोचकडे जे जाईल ते सरांच्या हातून जाईल. मंगळवारी मी त्यांच्या केबिनमध्ये गेले. पायाचं सांगितलं. बाबांचं आणि बैलाचंही सांगितलं, कारण ते सांगताना मला बरं वाटत होतं. आयुष्यात मी कोणाशी सलग इतकं बोलले असेन तर तेव्हाच.

"वा बेटा," ते म्हणाले. "एकदम झकास. फाइल कुठंय?"

"शेअर्ड फोल्डरमध्ये आहे सर, पण अजून पूर्ण नाही. बाजूंचा रकाना बदलायचा आहे. मला गुरुवारपर्यंत वेळ द्या."

"तू टेन्शन नको घेऊ. मी बघतो ना."

बुधवारी आणि गुरुवारी त्यांनी मला हॉकीचं साचलेलं काम दिलं. ताईंच्या टेबलावरून उचलून माझ्या टेबलावर.

शुक्रवारी सकाळी साडेसातला कॉल होता, तिकडे गुरुवारची संध्याकाळ. सव्वासातला मी फोल्डर उघडलं. अहवाल तयार होता. पहिल्या पानावर सरांचं नाव. आत ‘माझ्या लक्षात आलं’, ‘मी तपासलं’. मी कुठेच नव्हते. तरी माझे डोळे आपोआप आकड्यांकडे गेले, आणि मला दिसलं की शेवटच्या क्वार्टरचं सगळं उलटं आहे. सरांनी पहिल्या क्वार्टरचा व्हिडिओ उघडून बघितला असणार, डोंगर डाव्या हाताला दिसला असणार, आणि शेवटपर्यंत जिथे जिथे डोंगर होता तिथे त्यांनी ‘डावीकडे’ लिहून टाकलं होतं. टोकं बदलतात, हे ज्याने एक सामना जरी पूर्ण बघितला असेल त्याला कळलं असतं. बहुतेक धावा शेवटच्या क्वार्टरच्या, म्हणून अहवालाचा निष्कर्ष होता, चौतीस नंबर जो पाय दाबतो त्याच्या उलट बाजूला पळतो.

मी खरं सांगते, माझा पहिला विचार चूक दुरुस्त करण्याचाच होता. मी सरांना मेसेज टाइप केला. सर, शेवटच्या क्वार्टरच्या बाजू उलट झाल्या आहेत, कॉलच्या आधी बोलूया का. पाठवणार तेवढ्यात कॉल सुरू झाला. माझा कॅमेरा बंद, आवाज बंद, नेहमीसारखा. मेसेज तसाच चौकटीत राहिला.

पडद्यावर सर होते आणि तिकडून तो सहायक कोच, पन्नाशीचा, मागे फळा, हातात थर्मास. सरांनी सुरुवात केली. मग म्हणाले, "माझे वडील शेतकरी. आमच्याकडे बैलांच्या शर्यती असतात. लहानपणी वडिलांनी मला शिकवलं, बैलाचा पाय बघ."

सरांचे वडील बँकेतून निवृत्त झालेले आहेत. अकोल्यातच, गाडी धुताना मी त्यांना पाहिलेलं आहे.

कोच पुढे झुकला. "म्हणजे बैल जो पाय दाबतो, त्याच बाजूला ओढतो?"

सरांनी नजर खाली वळवली. त्यांच्या समोर तक्ता होता आणि तक्ता उलट सांगत होता.

"नाही," ते म्हणाले. "उलट बाजूला. बैल नेहमी उलट बाजूला ओढतो."

तक्त्यासाठी त्यांनी बैल फिरवला. माझं नाव काढलं तेव्हा मला वाईट वाटलं होतं. ते वाईट वाटणं तिथे संपलं आणि दुसरं काहीतरी सुरू झालं. माझे हात एकदम गार आणि स्थिर झाले. मी तो टाइप केलेला मेसेज खोडला. एकदम नाही, एकेक अक्षर.

"तुमची खात्री आहे?" कोचने विचारलं. "मी माझ्या मुलांना यावर उभं करणार आहे. आमच्याकडे सरावाला एकच दिवस आहे."

"शंभर टक्के."

"तुमच्यातल्या आणखी कोणाला काही सांगायचंय? हे व्हिडिओ ज्यांनी भरले त्यांना?"

पडद्यावर माझी काळी चौकट होती. सर हसले. "ती बोलत नाही. लाजाळू आहे."

आयुष्यभर मला लोकांनी बोल म्हणून ढकललं होतं. त्या सकाळी मी गप्प राहिले आणि कोणालाही त्यात काही वेगळं दिसलं नाही.

कॉल संपल्यावर ताईंनी खुर्ची माझ्याकडे सरकवली. त्यांनी कानात हेडफोन घातलेला असला तरी सगळं ऐकलेलं असायचं.

"हे तुहं काम व्हतं ना वं?"

मी मान हलवली.

"मंग बोल ना. का म्या बोलू?"

"नको ताई."

"तुह्या जागी मी असती ना, त खालच्या दुकानातले चष्मे फुटले असते आवाजानं." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तू हसून कावून राहिली?"

मी हसते आहे हे मला माहीत नव्हतं.

कोचचा ईमेल पत्ता माझ्याकडे होता. शुक्रवारी दुपारी होता, शनिवारी गाडीत होता. एक ओळ पुरली असती. बडनेऱ्यापर्यंत मी खिडकीशी बसून मोबाइल मांडीवर पालथा ठेवला होता. मधूनमधून सुलटा करून वेळ बघायचे. तिकडे आता शनिवारची पहाट असेल. सराव कालच संपला असेल. आता काही करता येणार नाही. मला भूक लागली, आणि मी मूर्तिजापूरला दोन समोसे घेऊन दोन्ही खाल्ले. एरवी गाडीत लोकांसमोर मला खाता येत नाही.

रविवारी सकाळी बाबा माझ्याआधी खुर्चीत बसलेले होते. त्यांच्यासाठी हा त्यांचा सामना होता.

"तुह्या लोकाईले सांगितलं ना पायाचं?"

"हो बाबा."

सामना बराच वेळ बरोबरीचा चालला. आमच्या संघात एक सत्तावीस नंबर आहे. सगळ्यात मागे उभा राहणारा, सगळ्यांना चुकवून कोणी आलाच तर त्याला पाडायचं काम त्याचं. अंगाने बारीक. सामन्याआधी मैदानाला हात लावून कपाळाला लावतो. त्याने पाडलेली शेकडो माणसं मी मोजली आहेत. कोणाला पाडलं की तो लगेच जागेवर परतत नाही, आधी त्याला हात देऊन उठवतो. मी कधी त्याच्याशी बोलले असते असं नाही, पण त्या संघात मला कोणी माझं वाटत असेल तर तोच.

शेवटच्या क्वार्टरला ते चार गुणांनी पुढे गेले. तीन मिनिटं उरली होती आणि चेंडू त्यांच्याकडे होता. त्यांना अडवलं असतं तर चेंडू आम्हाला मिळाला असता. चौतीस नंबर वाकला. उजवी टाच दाबली.

"उजवीकडं," बाबा म्हणाले.

आमचे लोक त्याच्या डावीकडे झेपावले. सत्तावीस नंबरही. चौतीस उजवीकडच्या मोकळ्या जागेतून निघून गेला.

"अवं, हे तिकडं कावून गेले?"

पुन्हा वाकले. डावी टाच. आमचे लोक उजवीकडे. तो डावीकडून निघाला. पुन्हा. तिसऱ्या वेळेनंतर सत्तावीस नंबरने बाहेर उभ्या असलेल्या कोचकडे बघून दोन्ही तळवे वर केले. कोचने ठामपणे हात करून ठरलं तेच करायची खूण केली. चौथ्या वेळी सत्तावीस अर्धा सेकंद अडखळला. त्याचं अंग एका बाजूला जायचं म्हणत होतं आणि त्याला सांगितलं होतं दुसऱ्या बाजूला. तो सांगितलेल्या बाजूला गेला. घड्याळ संपलं. आमच्या हाती चेंडू आलाच नाही, आणि संघ स्पर्धेतून बाहेर गेला.

मला आनंद झाला होता. तो मी लपवत नाही. प्रत्येक चुकीच्या झेपेला मी सरांचं ते ‘शंभर टक्के’ ऐकत होते.

बाबा पडद्याकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते. जोडी हाकणाऱ्या माणसाने बघावं तसं, तोंडाकडे न बघता खांद्यांकडे.

"तू नाई सांगितलं त्याईले."

मी लॅपटॉपचा आवाज बंद केला.

"का उलटं सांगितलं?"

मग मी त्यांना सगळं सांगितलं. सरांनी बाबांची गोष्ट आपल्या वडिलांची करून सांगितली, बैल फिरवला, सगळं. मला वाटलं, बैलाचं ऐकून तरी ते चिडतील.

"चोर हाये थो," बाबा म्हणाले. चहाची बशी उचलली, ती रिकामी होती, पुन्हा ठेवली. "पन त्या सत्तावीसनं तुहं काय बिघडोलं व्हतं?"

ते उठून आंघोळीला गेले.

मंगळवारी सकाळी पुन्हा कॉल. या वेळी कोचने सांगून ठेवलं होतं की व्हिडिओ भरणाऱ्यांनीही कॅमेरा सुरू ठेवावा. त्याचे डोळे सुजल्यासारखे दिसत होते. त्याने अहवालाला जोडून गेलेला माझा मूळ तक्ता उघडून ठेवला होता, तोच शेवटच्या दोन रकान्यांचा.

"हे दोन शब्द काय आहेत?" त्याने सरांना विचारलं.

"एक म्हणजे डोंगर. दुसरा रस्ता."

"डोंगर कुठल्या हाताला?"

"डाव्या."

"कोणत्या क्वार्टरला?"

सर तक्ता वर-खाली करायला लागले. केबिनच्या काचेतून ते मला दिसत होते आणि पडद्यावरही दिसत होते, दोन्हीकडे एकच घाम. "बेटा," ते म्हणाले, "जरा एक्सप्लेन कर ना यांना."

"तुम्ही केलंय ना सर," मी म्हणाले. "तुम्हीच सांगा."

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. ताईंनी त्यांच्या टेबलावर हेडफोन काढून ठेवला.

सर बोलत राहिले. नेटवर्क, फाइलमधली गडबड, ज्युनियर लोकांनी केलेली एन्ट्री. कोचने ते पुरं होऊ दिलं नाही. त्याने मला नावाने हाक मारली. तक्त्याच्या कोपऱ्यात कोणी भरलं ते नाव आपोआप येतं, तिथून त्याने वाचलं असणार. उच्चार चुकवला. मी त्याला पाच मिनिटांत सगळं समजावलं. टोकं, डोंगर, पाय, बैल कोणत्या बाजूला ओढतो ते, आणि ते कोणाच्या वडिलांना माहीत होतं ते. तो लिहून घेत होता. लिहिणं थांबवून त्याने वर बघितलं.

"तू हे उत्तम केलं आहेस," तो म्हणाला. मग पेन खाली ठेवून, "त्या कॉलला तू होतीस. अहवाल उलटा आहे हे तुला तेव्हा माहीत होतं का?"

नाही म्हणणं सोपं होतं. त्याला ते ऐकायचंही होतं, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. नाही म्हटलं असतं तर यादीतली ती जागा माझी होती. ते शहर, तो महिना, सगळं.

पण मी काचेतून सरांकडे बघितलं. ते रुमालाने मान पुसत होते आणि त्यांच्या तोंडावर अजूनही दुर्दैवी माणसाचा भाव होता. त्यांना वाटत होतं की त्यांचं नशीब फुटलं. व्हिडिओ फसवा होता, फाइल अर्धवट होती, झालं एकदाचं. उद्या ते घरी तसंच सांगणार होते. कोणी आपल्याला बुडताना उभं राहून बघितलं, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. आणि ते त्यांना कळणार नसेल, तर मी केलं काय होतं? काहीच नाही. एक लाजाळू मुलगी नेहमीसारखी गप्प बसली होती, एवढंच.

"हो," मी म्हणाले. "माहीत होतं. सरांना सांगायला मेसेज टाइप केला होता. माझ्या बाबांची गोष्ट त्यांनी स्वतःच्या वडिलांची म्हणून सांगितली तेव्हा खोडला."

काचेपलीकडे त्यांचा रुमालाचा हात थांबला. ते माझ्याकडे बघायला लागले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मी खाली बघितलं नाही. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. आधी कळलंच नाही, मग कळलं, मग कुठून कुठपर्यंत ते कळलं. मी तो पूर्ण बघितला. काहीही चुकवलं नाही. ते माझं कामच आहे.

कोचने वही मिटली. मग त्याने माझे आभार मानले, अगदी सभ्यपणे, आणि कॉल बंद केला. आठवड्याभरात त्या संघाचं काम आमच्या ऑफिसातून गेलं. सरांना केबिनमधून काढून बाहेर आमच्यासारखं टेबल दिलं, माझ्यापासून दोन टेबलं सोडून. मला हँडबॉल मिळालं.

ते आता मला बेटा म्हणत नाहीत. फाइल हवी असली तर ताईंकरवी निरोप पाठवतात. मी ती देते, पूर्ण आणि बिनचूक. ते प्रत्येक रकाना दोन-दोनदा तपासतात. मी माझ्या टेबलावरून ते तपासताना बघते.